टोफूला मासळीच्या वाटेनं न्या

प्रश्न : मी कुडाळजवळच्या एका गावात राहते. नोकरीवरून घरी पोचायला साडेसहा होतात आणि सव्वाआठला पानं घ्यावी लागतात. घरात आम्ही पाच माणसं. धाकट्या मुलीला दूध सोसत नाही म्हणून डॉक्टरांनी दुधाचे पदार्थ बंद करायला सांगितले, त्यात पनीरही गेलं. म्हणून टोफू आणला. पालक पनीर करतो तसा केला, तर तुकडे मोडले, भाजीला पाणी सुटलं आणि सासूबाई म्हणाल्या, ‘‘ह्या काय गो? हेका चवच नाय!’’ मुलीनं मुकाट्यानं खाल्लं, पण पुन्हा करू नको म्हणाली. एक पाकीट अजून फ्रीजमध्ये आहे. बाटल्यांतले चिनी सॉस आणून रोज चालवायची माझी इच्छा नाही. आपल्याच मसाल्यांत, अर्ध्या-पाऊण तासात, घरातले सगळे खातील असं काही होईल का? सोमवारी, श्रावणात चालेल का? सासूबाई थायरॉईडची गोळी घेतात, त्यांना दिलेला चालतो का? आणि टोफू घरी करता येतो का?

उत्तर :

ताई, सासूबाईंच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या खरं तेच बोलल्या. टोफूला स्वतःची चव जेमतेमच असते. सोयाबीन भिजवून वाटायचं, त्याचं दूध काढून उकळायचं, ते फाडायचं आणि दाबून वडी पाडायची, एवढाच तो पदार्थ. त्यात मीठ नाही, आंबटपणा नाही, दुधाचा स्निग्धपणा नाही. पनीरमध्ये साधारण पाचवा हिस्सा स्निग्धांश असतो, त्यामुळे फिक्या रश्श्यातही ते तोंडाला गोडसर लागतं. टोफूत स्निग्धांश त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि घट्ट टोफू घेतला तरी त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसतं पाणी. पालकाचं पाणी, टोफूचं पाणी आणि बेताचा मसाला. ती भाजी कुणाच्याही हातून तशीच झाली असती.

तेव्हा आधी टोफूला पनीर समजणं सोडून द्या. पनीरच्या जागेवर बसवला की तो दर वेळी उणाच पडणार. आपल्या कोकणातल्या स्वयंपाकघरात त्याला चालेल अशी रीत आधीपासून आहे आणि ती तुम्हाला पाठ आहे. ती म्हणजे मासळीची. मासळीला आपण आधी मीठ, हळद आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, लावून ठेवतो. रव्यात घोळवून तव्यावर टाकतो. आमटीत घालतो ती शेवटी, आणि एकदा घातली की त्यात डाव फिरवत नाही. टोफूला नेमकं हेच सगळं हवं असतं. तो मासळीसारखा लागेल असं मात्र घरात कुणाला सांगू नका, कारण तसा तो लागणार नाही. लागेल ती आगळाची, मालवणी मसाल्याची, खोबरेलाची चव, आणि घरातल्यांची जीभ त्याच चवीवर वाढलेली आहे. निम्मं काम तिथंच होतं.

आता ते फ्रीजमधलं पाकीट बघा. तारीख उलटली असेल, पाकीट फुगलं असेल, फोडल्यावर आंबूस वास आला किंवा वडी बोटाला बुळबुळीत लागली, तर सरळ टाकून द्या. ठीक असेल तर फोडल्यावर उरलेली वडी झाकणाच्या डब्यात, बुडेल इतक्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन-चार दिवसांत संपवा. पुढच्या वेळी घेताना पाकीट बाहेरून बोटानं दाबून बघा. दाबल्यावर लवून परत वर येणारा घट्ट टोफू आपल्या कामाचा. पाकिटावर ‘फर्म’ किंवा ‘एक्स्ट्रा फर्म’ लिहिलेलं असतं. ‘सिल्कन’ लिहिलेला टोफू कवडीच्या दह्यासारखा मऊ असतो, तो तव्यावर टिकत नाही. मात्र सिल्कन टोफू बरेचदा टेट्रापॅकमध्ये मिळतो आणि तो फोडेपर्यंत फ्रीजबाहेर राहतो, त्यामुळे पावसात दोन-दोन दिवस लाईट जाते तेव्हा असा एखादा खोका फडताळात असावा. मऊ भातावर किंवा पेजेवर सिल्कनची मोठी ढेप ठेवायची, चमचाभर आगळ घालायचं आणि खोबरेलात ठेचलेली लसूण, सुकी मिरची, कढीपत्ता तडतडवून ती फोडणी वर ओतायची. त्याला एवढंच पुरतं.

‘सोया पनीर’ नावानंही टोफू विकला जातो. तुमच्या मुलीसाठी म्हणून घटकांची ओळ वाचायची सवय लावा, त्यात दुधाचं काही नाही ना ते बघा. त्याच ओळीत आणखी एक गोष्ट सापडते. सोयाचं दूध फाडायला काय वापरलं ते तिथं लिहिलेलं असतं, कधी नावानं तर कधी आकड्यानं. ५१६ म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ५११ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड. दूध बंद झालेल्या मुलीला कॅल्शियम कुठून मिळणार हा प्रश्न असतोच, म्हणून दोन पाकिटांत निवड करायची वेळ आली तर ५१६ वाला टोफू घ्या. त्यात कॅल्शियम चांगलं असतं.

आता संध्याकाळचं काम. पाच माणसांना दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं लागतील. घरात शिरल्यावर आधी एका पातेल्यात लिटरभर पाणी तापत ठेवा आणि त्यात दोन मोठे चमचे मीठ घाला. पाणी समुद्राच्या पाण्याइतकं खारट लागलं पाहिजे. टोफूच्या साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चपट्या वड्या कापा, उकळलेल्या पाण्यात सोडा, गॅस बंद करा आणि झाकण ठेवून द्या. तुम्ही हातपाय धुऊन, कुकर लावून येईपर्यंत पंधरा मिनिटं होतात. या गरम खाऱ्या पाण्यानं दोन कामं होतात. वडी बाहेरून आवळते आणि तिच्यातलं थोडं पाणी बाहेर पडतं, शिवाय मीठ आत मुरायला सुरुवात होते. मग वड्या काढून जुन्या सुती पंचावर मांडा, वरून पंचाची घडी घाला आणि तळव्यानं हलकेच दाबा. तासभर वजनाखाली ठेवा असं बरेच जण सांगतात. नोकरी करणाऱ्या बाईला संध्याकाळी तेवढा वेळ नसतो, आणि तव्यावरच्या टोफूला त्याची गरजही नाही.

चव टोफूच्या पार गाभ्यापर्यंत जाते असं समजून त्याला तास-तास मसाल्यात घालून ठेवू नका. आत पाणी गच्च भरलेलं असतं, त्यामुळे मसाला बाहेरच राहतो, आणि मसाल्यात तेल असेल तर तो आत शिरतच नाही. म्हणून वडी पातळ कापायची, म्हणजे प्रत्येक घासाला मसाल्याची बाजू लागते. आणि मसाला कालवायचा तो तेलात नाही, आगळात.

तव्यावरचा टोफू असा करा. दोन चमचे आगळ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मालवणी मसाला, आलं-लसणाचं वाटण चमचाभर. मीठ चाखून घाला, कारण वडीत मीठ गेलेलं आहे आणि आगळही खारं असतं. हे सरसरीत कालवून वड्यांना दोन्ही बाजूंनी चोळा. ताटात दोन वाट्या बारीक रवा आणि एक वाटी तांदळाचं पीठ एकत्र करा. नुसता रवा गळून तेलात पडतो, तांदळाचं पीठ त्याला धरून ठेवतं. वडी घोळवून वरून बोटांनी दाबली की आवरण बसतं.

तवा बिडाचा किंवा लोखंडी घ्या आणि तो चांगला तापू द्या. खोबरेल घाला, वड्या सोडा आणि मग हात आवरा. चुकतं ते इथंच. टाकल्या टाकल्या वडी तव्याला धरते, आपण कालथा घालतो, आवरण तव्यावर राहतं आणि पांढरी वडी तेवढी वर येते. नुसतं ऐकत राहायचं. सुरुवातीला मोठा चरचराट असतो, ते टोफूतलं पाणी उडत असतं. तीन-चार मिनिटांनी तो आवाज बारीक होतो, कडेनं येणारे बुडबुडे लहान होतात आणि रव्याची कड तांबूस दिसायला लागते. आता कालथ्याचं टोक कडेला लावून बघा. वडी आपण होऊन सुटते. सुटत नसेल तर अजून मिनिटभर थांबा. उलटल्यावर दुसऱ्या बाजूला कडेनं चमचाभर खोबरेल सोडा. आच मध्यमच ठेवा, कारण मोठ्या आचेवर रवा करपतो आणि आवरण कोरडं होत नाही. काढलेल्या वड्या एकावर एक रचू नका, वाफेनं रवा मऊ पडतो. त्या जाळीवर किंवा उभ्या टेकवून ठेवा. सोबत भात, साधी डाळीची आमटी आणि सोलकढी. मुलीसाठी मसाला अर्धा करा. पुन्हा करू नको म्हणणाऱ्या मुलीला पहिल्यांदा हाच प्रकार द्या, आणि गरम असताना द्या. थंड झाल्यावर याची मजा जाते, म्हणून हा डब्याचा पदार्थ नव्हे.

रश्श्यासाठी मात्र मला एकच प्रकार आग्रहानं सांगायचा आहे, तिरफळाचं तिखलं. बांगड्याचं करतात तेच. टोफू आणि तिरफळ ही जोडी मला फार जुळणारी वाटते आणि तिला कारणही आहे. चीनच्या सिचुआन प्रांतात मापो टोफू नावाचा तिखट पदार्थ करतात. त्यात जिभेला झिणझिण्या आणणारं एक फळ असतं, ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं, चुलत भावंड म्हणता येईल असं. म्हणजे टोफूला तिरफळासारख्या चवीची जोड ज्या मुलखात द्यायला लागले, तो मुलूख टोफू पिढ्यान् पिढ्या खाणारा आहे. आपल्याकडे तिरफळ अंगणात आहे आणि टोफू आता बाजारात आलाय. त्यांची गाठ घालायला सॉसची बाटली लागत नाही.

आठ-दहा ब्याडगी मिरच्या घरात शिरल्यावर गरम पाण्यात भिजत टाका. तिखट जास्त हवं असेल तर त्यात दोन संकेश्वरी टाका. वाटीभर ओलं खोबरं, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद आणि भिजलेल्या मिरच्या एकत्र, अगदी गंधासारख्या वाटा. फोडणी नाही, कांदा नाही, लसूण नाही. वाटण पातेल्यात घालून रसाला हवं तेवढं पाणी घाला, तिखलं जरा दाटच असतं. मीठ घालून सात-आठ मिनिटं उकळू द्या, म्हणजे मिरचीचा कच्चट वास जातो. मग आमसुलं पाच-सहा, खाऱ्या पाण्यातून काढलेले टोफूचे मोठे तुकडे, आणि आठ-दहा तिरफळं. तिरफळाच्या आतली काळी बी आधी काढून टाका, ती दाताखाली कचकचते. वास सगळा वरच्या टरफलात असतो. ती टरफलं किंचित ठेचून चमचाभर पाण्यात भिजवून त्या पाण्यासकट घाला.

आता आच बारीक करा. यानंतर पातेल्यात डाव घालायचा नाही. दोन्ही कानांना फडक्यानं धरून पातेलं हलकेच गोल हलवायचं, तुमच्या सासूबाई मासळीची आमटी हलवत असतील तसंच. तुमच्या भाजीतले तुकडे मोडले त्याचं कारण बहुतेक हेच, ढवळणं. पनीर जास्त शिजलं की चिवट होतं, टोफूचं तसं होत नाही. तो मंद रसात पाच मिनिटं राहिला काय नि बारा मिनिटं राहिला काय, मऊच राहतो. त्याला चालत नाही ती धडधडून उकळी. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल घाला, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं त्याकडे बघू नका. तेवढ्यात पानं घ्या, भाकऱ्या असतील तर त्या करा. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तिखलं आणखी चांगलं लागतं, कारण रात्रभरात खार आणि आंबट तुकड्यात थोडं आणखी आत जातं.

सोमवारचं आणि श्रावणाचं उत्तर यातच आलं. तिखल्यात मुळात कांदा-लसूण नाही, त्यामुळे श्रावणात ते जसंच्या तसं चालतं. जूनपासून यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, ताजी मासळी कमी होते, मिळते तिचा भाव परवडत नाही, आणि पाठोपाठ श्रावण येतो. त्या दिवसांत जेवणात आंबट-तिखट रस हवासा वाटतो, आणि बटाटा, तोंडली, वाल यांच्या फेऱ्याही संपत आलेल्या असतात. तेव्हा आठवड्यातून एकदा हे तिखलं करून बघा. सासूबाईंच्या उपासाला मात्र टोफू चालणार नाही. सोयाबीन हे कडधान्यासारखं दाण्याचंच पीक, ते उपासाच्या पदार्थांत धरत नाहीत. संध्याकाळी उपास सोडताना चालेल. अर्थात घरातला नियम सासूबाईंनी सांगावा, मी नव्हे. त्यांना आधी विचारा आणि मगच करा. विचारून केलेलं त्या आवडीनं खातील.

ज्या दिवशी उभं राहायचंही त्राण नसेल, त्या दिवशी टोफू हातानं कुस्करून सुकं करा. जवळ्याचं करतो तसं. टोफू पंचात घालून पिळून घ्या, इथं मोडला तरी चालतो, मोडायचाच आहे. खोबरेलात दोन बारीक चिरलेले कांदे गुलाबी करा, हिरवी मिरची, हळद, मालवणी मसाला घाला, मग कुस्करलेला टोफू. आता आच मोठी ठेवा आणि त्याला तळाशी जरा लागू द्या, खरवडून परत लागू द्या. या खरपुडीतच चव आहे. पाणी आटून टोफू मोकळा, दाणेदार झाला की चार आमसुलं बारीक तोडून घाला, मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. बारा-पंधरा मिनिटांत होतं. तांदळाच्या भाकरीत किंवा घावनात गुंडाळून मुलीला डब्यात द्या. हा थंडही चांगला लागतो.

आता फ्रीजरची एक युक्ती, कारण ती नोकरी करणाऱ्यांच्या फार कामाची आहे. पाकीट आणलं तसंच फ्रीजरमध्ये टाका. आतल्या पाण्याचा बर्फ होताना टोफूत बारीक बारीक पोकळ्या पडतात. ज्या दिवशी करायचा त्या दिवशी सकाळी निघताना तो खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. संध्याकाळी तळव्यांत धरून दाबलात की पाणी भळाभळा निघून जातं आणि हातात जाळीदार, चिवटसर वडी उरते. या वडीत रस शिरतो, जो साध्या टोफूत शिरत नाही. गोठलेला टोफू पिवळट दिसतो, त्याला घाबरू नका, सुटल्यावर पुन्हा पांढरा होतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या रश्श्याला, मटणासारख्या झणझणीत सुक्याला हा गोठवलेलाच घ्या. लाईट जाऊन तो फ्रीजरमध्येच सुटला तर परत गोठवू नका, थंडगार असेल तर त्याच दिवशी करून टाका.

त्या रश्श्यासाठी रविवारी वाटप करून ठेवा. सुकं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा वेगवेगळा, चांगला काळपट तांबूस होईपर्यंत भाजायचा, शेवटी थोडे धणे, दोन लवंगा, चार मिरी, आणि शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचं. बर्फाच्या साच्यात भरून गोठवलंत की चार-पाच वड्या काढल्या, मालवणी मसाला परतला, पाणी घातलं की रस्सा तयार. ओल्या खोबऱ्याचं वाटण असं साठवू नका. ते लवकर खराब होतं, आणि कोकणातल्या दमट हवेत लाईट गेली की पहिलं तेच जातं. तिखल्याचं वाटण त्या त्या दिवशीच करायचं.

काही ठिकाणी टोफू घालूच नका, असंही मला सांगायचं आहे. काजूच्या उसळीत, वालाच्या बिरड्यात, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात तो नको. त्या पदार्थांना स्वतःचं अंग आहे, प्रथिनंही आहेत, टोफूनं त्यांचा स्वाद पातळ होतो. कुळथाची पिठी तर तशीच राहू द्या. टोफू आला म्हणून कडधान्यं कमी करायची नाहीत. आठवड्यातून एक-दोन रात्री त्याच्या, बाकीच्या आपल्या उसळी-आमट्यांच्या. १०० ग्रॅम घट्ट टोफूत साधारण १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६ च्या आसपास. एवढ्यावरून अंदाज येईल की वाढत्या मुलीला एका वेळी तीन-चार वड्या पुरेत.

सासूबाईंच्या गोळीचं नीट लक्षात घ्या. थायरॉईड कमी असल्याची गोळी आतड्यात शोषली जायला सोयाच्या पदार्थांनी अडथळा येऊ शकतो. म्हणून गोळी आणि सोया एका वेळी पोटात जाऊ द्यायचं नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असतील आणि टोफू रात्रीच्या जेवणात असेल, तर मध्ये भरपूर वेळ जातो. तरी आता घरात सोया नेमानं होणार आहे हे त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीला सांगा, म्हणजे रक्ताचा अहवाल बघताना त्यांच्या ध्यानात राहील. गोळीचा डोस आपल्या मनानं बदलायचा नाही. मुलीच्या बाबतीतही एक विचारून घ्या. तिला दूध पचत नाही, की दुधाची ॲलर्जी आहे? दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. तिनं टोफू खाल्ला तेव्हा अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी असं काही झालं नसेल तर चांगलंच, पण तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून सांगते.

आणि घरी टोफू करण्याबद्दल. होतो, पण कामाच्या दिवशी त्या फंदात पडू नका, रविवारी करा. सोयाबीन आपल्याकडे पिकत नाही, घाटावरून येतं, तालुक्याच्या वाण्याकडे मिळतं. वाटीभर सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा आणि सहा-सात वाट्या पाणी घालत मिक्सरमधून अगदी बारीक वाटा. पंचातून पिळून दूध काढा. हे दूध मोठ्या पातेल्यात तापवा, कारण ते फसफसून एकदम वर येतं, समोरून हलू नका. उकळी आल्यावर ढवळत दहा-बारा मिनिटं बारीक आचेवर उकळलंच पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते या उकळण्यानं बहुतेक निघून जातात. घाई केली तर पोट बिघडतं. मग गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. दोन-तीन चमचे लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून तो तीनदा थोडा थोडा घाला आणि हलक्या हातानं एकदाच फिरवा. झाकण ठेवा. पंधरा मिनिटांत गुठळ्या खाली बसून वर पिवळसर निवळ पाणी दिसेल. पंचा घातलेल्या चाळणीत ओता, घडी घालून वर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा, अर्ध्या तासात वडी धरते. लिंबानं केलेला टोफू जरा भुसभुशीत आणि किंचित आंबट होतो, म्हणून तो तव्यापेक्षा कुस्करून करायच्या सुक्यालाच घ्या.

पंच्यात उरलेला चोथा टाकू नका. त्यात तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर, थोडी हळद घालून थालीपीठ लावा. चोथा ओला असतो म्हणून पाणी जवळजवळ लागत नाही, आणि तो नीट शिजावा म्हणून झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चांगला वेळ भाजा. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवा, लवकर आंबतो.